फोंत्ने मठाचं चर्च : घाईत पाहिलंत तर फुकट जाईल

फ्रान्समध्ये, बर्गंडीतल्या मोंबार स्टेशनपासून साधारण सहा किलोमीटरवर, जंगलाने वेढलेल्या अरुंद खोऱ्यात फोंत्नेचा सिस्टर्शियन (साधेपणावर भर देणाऱ्या ख्रिस्ती साधुपंथाचा) मठ आहे. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने मोंबारला तासाभरात पोहोचता येतं, पुढचा रस्ता टॅक्सीने किंवा सायकलने. बरेच लोक आधी बागेत आणि कारंज्यांपाशी रमतात आणि चर्च शेवटच्या दहा मिनिटांत उरकतात. क्रम उलटा ठेवा. बाग सुंदरच आहे, पण इथवर यायचं ते चर्चसाठी.

क्लेरव्हो मठाचा प्रमुख आणि या पंथाचा पुढारी बर्नार याने 1118 मध्ये हा मठ स्थापला आणि 1130 मध्ये तो आजच्या जागी आला. इंग्लंडमधून आलेल्या नॉर्विचच्या बिशप एव्हरार्डच्या पैशांतून चर्चचं काम 1139 मध्ये सुरू झालं. 1147 मध्ये पोप युजीन तिसरे यांच्या हस्ते अभिषेकही झाला. 66 मीटर लांबीची दगडी इमारत आठ वर्षांत उभी राहिली! क्लुनी या श्रीमंत मठाच्या परंपरेतल्या चर्चांतली कोरीव श्वापदं आणि सोनेरी झगमगाट बर्नारला मान्य नव्हता, त्यामुळे इथे दगडी मनोरा नाही, रंगीत काच नाही, खांबांच्या माथ्यावर साध्या सपाट पानांपलीकडे काही नाही. शिल्पं शोधत आलेल्यांची निराशा होणार, हे आधीच सांगितलेलं बरं.

मग पाहायचं काय? मधल्या दालनात उभं राहून वर बघा. टोकदार कमान मागे मागे ताणत नेल्यासारखं, बोगद्याच्या आकाराचं अखंड दगडी छत सुमारे 17 मीटर उंचीवर आहे, आणि त्याच्या खाली दोन्ही बाजूंच्या भिंतींत एकही खिडकी नाही. ही हौस नव्हे, ही रचनेची किंमत आहे. असं जड छत पूर्ण लांबीभर भिंतींना बाहेर ढकलत राहतं. कमान गोल न ठेवता टोकदार केली की ढकल थोडी कमी होते, पण संपत नाही. उरलेली ढकल कोण पेलतं ते कळायला बाजूच्या दालनात जा. तिथे खांबांमधल्या प्रत्येक गाळ्यावर स्वतंत्र छोटं बोगदाछत आहे, मुख्य छताशी काटकोनात बसवलेलं. दोन गाळ्यांमधल्या आडव्या भिंती मुख्य छताला टेकू देतात आणि भार बाहेरच्या भिंतीपर्यंत नेतात. त्या भिंतींतल्या बुटक्या कमानींतून एका टोकाकडून दुसरीकडे पाहिलं, की हे टेकू एकामागे एक ओळीने दिसतात. अख्ख्या चर्चमधली आमची सर्वांत आवडती जागा हीच. अडचण एवढीच, की ही बाजूची छतं मुख्य छताच्या बुडापर्यंत चढतात, म्हणून वर खिडकीला जागाच उरत नाही.

उजेड मग येतो कुठून? बाजूच्या गाळ्यांच्या खिडक्यांतून तिरपा येतो, आणि थेट येतो तो दोन टोकांकडून. पश्चिमेच्या दर्शनी भिंतीत सात खिडक्या आहेत, खाली चार, वर तीन. पूर्वेला वेदीमागची भिंत अर्धगोल न करता सपाट ठेवली आहे आणि तिच्यात तीन-तीनच्या दोन ओळी आहेत. वेदीचा भाग मुद्दाम बुटका ठेवल्यामुळे त्याच्या कमानीवर आणखी पाच खिडक्या पायऱ्यांसारख्या चढत गेल्या आहेत. म्हणून वेळ महत्त्वाची. सकाळी पूर्वेचा भाग उजळतो. दुपार कलल्यावर पश्चिमेचं ऊन लांबवर आत सरकतं. भर दुपारी, ढगाळ हवेत आलात तर हा सगळा खेळ हुकतो.

जमीन बहुतांशी मातीची आहे. जुन्या चकचकीत फरशांचे तुकडे वेदीपाशी जमवून लावलेत, तिथे वाकून नक्षी जरूर पाहा. तेराव्या शतकाच्या अखेरची मेरीची दगडी मूर्तीही इथेच आहे. ती कधी काळी तुइयोंच्या दफनभूमीत उघड्यावर होती. चर्चला क्रूसाचा आकार देणाऱ्या आडव्या दालनाच्या दक्षिण बाजूचा जिना थेट साधूंच्या झोपायच्या दालनात जातो, मध्यरात्रीच्या प्रार्थनेला उतरण्यासाठी. त्या झोपायच्या दालनावर पंधराव्या शतकातलं, उलट्या होडीच्या सांगाड्यासारखं लाकडी छत आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठ विकला गेला आणि इथे कागदाचा कारखाना चालला. 1906 मध्ये एदुआर एनार यांनी तो विकत घेऊन कारखान्याची बांधकामं पाडली आणि मूळ वास्तू मोकळ्या केल्या. आजही तो एनार कुटुंबाकडेच आहे आणि 1981 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. साधूंचं भोजनगृह मात्र 1745 मध्येच पाडलं गेलं, ते परत दिसणार नाही.

चर्च, खांबांचं अंगण, झोपायचं दालन आणि पाणचक्कीच्या घणाची 53 मीटर लांब लोहारशाळा धरून किमान दोन तास हातात ठेवा, त्यातला अर्धा वेळ चर्चला. उन्हाळ्यातही एक जाड कपडा जवळ असू द्या, दगड आतून गारच असतो. गर्दी पांगली की मधल्या दालनात एक सूर हलकेच लावून थांबा. सपाट दगडी भिंतींवरून तो कितीतरी वेळ फिरत राहतो.