पैसे ४.२७ चे दिले, पुढच्या एक्सलात ५.३८ च निघाला

नव्वद हजार दोनशे रुपये. एवढे माझे गेले, आणि गाडीतलं काही कळत नाही म्हणून गेले असं नाही. जुन्या जीपच्या एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, ती पट) बदलायला निघालेल्यांनी वाचावं म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

जीप वडिलांनी १९८७ साली सरकारी लिलावात घेतलेली, महिंद्रा सीजे ३बी. पेट्रोल इंजिन केव्हाच गेलं. आता २५२३ सीसीचं डिझेल आहे आणि आरसीवर त्याची रीतसर नोंद आहे. एक्सल मात्र मूळचे: क्राऊनला (एक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाला) ४३ दात, पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्या चाकाला) ८, म्हणजे ५.३८. आमचा ६.००-१६ चा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातो. म्हणजे टॉपला ताशी ८० च्या वेगात इंजिन ३२०० च्या आसपास फिरणार. जुन्या डिझेलला ते सोसत नाही, हायवेला नुसता आक्रोश. ४७-११ चा सेट, म्हणजे ४.२७ घातला की तेच २५०० वर येतं. बदल्यात लो रेंजच्या (चढ-चिखलासाठीच्या संथ टप्प्याच्या) पहिल्या गिअरची एकूण पट ३७ वरून २९ होते, पण डिझेलच्या ओढीला तेवढी पुरते. हा हिशेब मी दोन रात्री बसून वहीत मांडला होता. तेव्हा 'अभ्यास न करता गेलात' असं कृपा करून म्हणू नका.

पुढचा-मागचा रेशो एकच हवा, हेही मला ठाऊक होतं. या गाडीच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीत) डिफरेन्शियल, म्हणजे दोन्हीकडे वेगळा वेग चालू देणारी गिअरजोडी, नसतं. फोर बाय फोर टाकलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, मग रेशो वेगळे असले तर पुढची-मागची चाकं एकमेकांविरुद्ध ओढतात.

पुण्याजवळच्या एका गॅरेजवाल्याचं नाव दोघांनी सुचवलं. दोन सेट प्रत्येकी २२,०००, बेअरिंग-सील-शिम ७,८००, मजुरी १२,०००. चाळीस हजार आगाऊ दिले, तेही त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर, कारण "काका, माझं अकाउंट बंद पडलंय." इथेच थांबायला हवं होतं. पक्कं बिल मागितलं तर डायरीचं पान फाडून दिलं. जीएसटीचं बिल आणि त्यावर 'पुढे ४७-११, मागे ४७-११' असं लिहून मिळत नसेल, तर गाडी जॅकवर चढूच देऊ नका.

पण मला रात्री झोप लागू देत नाही ती डिलिव्हरीची संध्याकाळ. मी जुने सेट परत मागितले होते. त्याच्या पोराने एक पोतं आणून मागे ठेवलं. उघडून बघितलं तर आत एकच क्राऊन, एकच पिनियन. काळं ऑइल लागलेलं, कडेला ४३ आणि ८ चे ठोकलेले आकडे. मी विचारलं, "दुसरी जोडी?" तो म्हणाला, "ती भंगारात गेली काका, तिचे दीड हजार तुमच्या बिलातून वजा केलेत." आणि मी खूश झालो! न मागता पैसे वजा करणारा माणूस प्रामाणिक वाटला मला. दोन एक्सल उघडले, तर दोन जोड्या निघायला हव्यात. पोत्यात एक आहे, एवढं साधं गणित समोर असताना मी उरलेले २२,३०० पाठवले.

घरी येताना गाडी हायवेला सुरेख धावली. धावणारच, कारण टू-व्हील ड्राइव्हला फक्त मागचा एक्सल काम करतो. ट्रायल घेऊन काय कळणार होतं? तीन आठवड्यांनी चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांमधल्या चिखलवाटेवर फोर बाय फोर टाकलं. स्टिअरिंग जड झालं, गाडी आखडल्यासारखी पुढे जायला लागली. वाटलं, चिखल आहे, म्हातारी गाडी आहे. पुढे कोरडा कातळ लागला. चिखलात चाकं घसरून जो ताण सुटत होता, तो तिथे सुटेना. दहा-पंधरा फुटांत धाडकन आवाज. पुढच्या शाफ्टचा क्रॉस (सांधा) फुटला होता आणि ट्रान्सफर केसमधून ऑइल गळत होतं. टोइंगचे ६,५००, दुरुस्तीचे २१,४००.

साताऱ्यातल्या मिस्त्रीने हाउसिंग (एक्सलची पेटी) उघडण्याआधीच ओळखलं. एक चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर, शाफ्टवर खडूची रेघ. चाक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं (दुसरं चाक थांबलेलं असतं, म्हणून एकाऐवजी दोन) आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. मागे सव्वाचार भरले, पुढे साडेपाचला थोडे कमी. पाच मिनिटांचं काम! पुढे फ्री-व्हील हब (चाक एक्सलपासून सोडवणारे खटके) असतील तर आधी लॉक करा, आणि गाडी टू-व्हीललाच ठेवा. गॅरेजच्या फाटकातच, शेवटचे पैसे देण्याआधी हे करा. भिडेखातर गप्प बसू नका.

गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. पोलीस चौकीत गेलो तर "हा दिवाणी मामला आहे." दुसऱ्या दिवशी गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला वही, डायरीचं पान, पोतं, सगळं टेबलावर मांडलं. क्राऊन म्हणजे काय हे पाऊण तास समजावलं. त्यावर प्रश्न काय, तर "इंजिन बदललंय ना? मग आधी तुमच्यावरच कारवाई होईल." आरसी पुढे केली तर बघितलीही नाही. पैसे घेतलेला माणूस मोकळा, आणि नोंदणी, विमा, पीयूसी सगळं वेळेवर करणारा मी आरोपी? बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो, मीच टाकला. म्हणून चोरी माझी झाली का? कोणी एक अर्ज घेऊन पोच द्यायला तयार नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर तोंडी काही सांगत बसू नका. लेखी द्या, आवक शिक्का घ्या, नाकारला तर स्पीड पोस्टाने पाठवा.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. मिस्त्रीकडून लेखी अहवाल घेतला, हाउसिंग उघडतानाचा व्हिडिओ केला. तुम्हीही उघडण्याआधीच कॅमेरा सुरू करा, नंतरच्या फोटोंना समोरचा मानत नाही.

व्हिडिओत पुढचं हाउसिंग उघडतं. वरून नवा रंग, नवं सिलिकॉन, आणि आत वडिलांच्या काळापासूनचं तेच क्राऊन, कडेला ४३ आणि ८. भंगारात गेली म्हणून ज्या जोडीचे दीड हजार त्याने मला दिले होते, ती जोडी गाडीतून कधी निघालीच नव्हती.