नऊ महिने रस्ट वापरल्यावर: नवं काय आलंय आणि शिकावी का

गेले नऊ महिने माझं निम्मं काम रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत चाललंय. त्याआधी बरीच वर्षं पायथन आणि थोडंफार सी. सुरुवात साध्या गरजेतून झाली. सर्व्हरच्या लॉग फाइल्स वाचून हिशेब काढणारी एक पायथन स्क्रिप्ट होती. फाइल्स वाढत गेल्या आणि तिला अर्धा तास लागायला लागला. ती रस्टमध्ये पुन्हा लिहिली, आता तेच काम दोन मिनिटांच्या आत होतं. नव्याने लिहिताना मांडणीही सुधारली होती, त्यामुळे सगळं श्रेय भाषेला देणं बरोबर नाही. पण त्या निमित्ताने हातात आलेली भाषा नंतर सुटली नाही. "आता शिकायला घेऊ का?" असं बरेच जण विचारतात आणि एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. गेल्या दोन-तीन वर्षांत जे नवं आलं त्याने वाटेतले खडे बरेच वेचले गेलेत, चढ मात्र तेवढाच आहे. चढ म्हणजे मालकी आणि उसनवारीचे नियम: मेमरीतली वस्तू कोणाच्या ताब्यात आहे आणि ती इतर कोडला कशी वापरायला देता येते याचे. कुठलंही नवं फीचर ते सोपे करणार नाही, आणि करूही नये, कारण या भाषेचं सगळं मोल तिथेच आहे.

थोडी पार्श्वभूमी. रस्ट १.० मे २०१५ मध्ये आली आणि तेव्हापासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. जुना कोड मोडू शकतील असे बदल मात्र वेगळे ठेवतात, त्यांना एडिशन म्हणतात: २०१५, २०१८, २०२१ आणि आता २०२४. ही शेवटची एडिशन फेब्रुवारी २०२५ मध्ये १.८५ सोबत आली. तुमचा क्रेट (रस्टमधलं कोडचं पॅकेज) २०२४ एडिशनचा आणि त्याने वापरलेला क्रेट २०१५ चा असला तरी दोन्ही एकत्र सुखाने बिल्ड होतात. पायथन २ वरून ३ वर जाताना ज्यांनी वर्षानुवर्षं हाल सोसलेत, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता चढाबद्दल. पहिल्या आठवड्यात मी एका वेक्टरवर (वाढत जाणाऱ्या यादीवर) लूप फिरवत होतो आणि एखादी नोंद दोन भागांत फुटली की तिचा दुसरा भाग त्याच वेक्टरच्या शेवटी पुश करत होतो. पायथनमध्ये असं केलं की चालून जातं, कधी लूप संपतच नाही, पण भाषा अडवत नाही. रस्टने ई०५०२ हा एरर दिला: ही वस्तू वाचण्यासाठी उसनी दिलेली आहे, ती परत आल्याशिवाय बदलण्यासाठी देता येणार नाही. मला आधी हा निव्वळ अडेलतट्टूपणा वाटला. मग कागदावर चित्र काढलं. वेक्टर भरला की पुश करताना तो मेमरीत मोठी जागा शोधतो, सगळं तिकडे हलवतो आणि जुनी जागा सोडून देतो. माझा लूप मात्र अजून त्या सोडलेल्या जागेकडे बोट दाखवून उभा. सी मध्ये नेमकी हीच चूक मी केलेली आहे, आणि ती शोधायला मला दोन दिवस लागले होते. इथे ती चूक फाइल सेव्ह करताना दिसली. उपाय दोन ओळींचा होता, नव्या नोंदी वेगळ्या वेक्टरमध्ये जमवायच्या आणि लूप संपल्यावर जोडायच्या.

नियम तेवढाच आहे: एका वेळी वाचणारे कितीही चालतील, किंवा बदलणारा एकच. दोन्ही एकदम नाही. वाचायला अर्धा मिनिट लागतो, अंगात भिनायला मला साधारण सहा-सात आठवडे लागले. त्या काळात मी जागोजागी क्लोन (वस्तूची पूर्ण प्रत) लावून वेळ मारून नेली, आणि नवशिक्याने तसंच करावं असं माझं ठाम म्हणणं आहे. स्ट्रक्टमध्ये (अनेक फील्ड्स एकत्र ठेवणाऱ्या रचनेत) लाइफटाइम, म्हणजे उसनी वस्तू किती काळ वैध आहे याची खूण, लिहायचा मोह पहिले दोन-तीन महिने तरी टाळा. मी तो टाळला नाही, आणि टिक 'अ' अशा एका लाइफटाइमने सुरुवात होऊन तो अर्ध्या प्रोजेक्टभर पसरला. शेवटी ते सगळं काढून साधी मालकीची स्ट्रिंग ठेवली. वेगात फरक जाणवलासुद्धा नाही.

स्ट्रिंगवरून आठवलं. देवनागरी मजकुरावर काम करणाऱ्यांना रस्ट फार प्रामाणिक वाटेल. "मराठी" या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर येतं १५, कारण लांबी सांगणारं लेन हे फंक्शन बाइट मोजतं आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. कॅर्स, म्हणजे युनिकोडची सुटी चिन्हं, मोजले तर ५: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. आपल्या डोळ्यांना दिसतात ती अक्षरं ३, आणि ती मोजायला बाहेरचा क्रेट लागतो. तिसरं अक्षर द्या असं म्हणून चौकटी कंसात आकडा टाकला तर कोड कंपाइलच होत नाही. चौथ्या बाइटवर तुकडा पाडला तर प्रोग्राम तिथल्या तिथे पॅनिक होतो (एरर देऊन थांबतो), अर्धवट कापलेलं चिन्ह पुढे सरकत नाही. सुरुवातीला याचा वैताग येतो. पण काना-मात्रा तुटलेला मजकूर डेटाबेसमध्ये जाऊन बसलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना हा वैताग परवडेल.

नव्या फीचर्समध्ये रोजच्या हाताशी सर्वात जास्त आलं ते लेट चेन्स. १.८८ मध्ये, जून २०२५ ला स्थिर झालं, फक्त २०२४ एडिशनमध्ये चालतं. उदाहरणार्थ, लॉगच्या ओळीतून वेळ काढायची, मिळाली तर आकड्यात बदलायची, बदलली तर ती मर्यादेत आहे का बघायचं. पूर्वी हे तीन इफ एकाच्या पोटात एक असे उतरत जायचे आणि खरा कोड उजव्या कडेला चिकटायचा. आता तिन्ही अटी मधे 'आणि' ची खूण टाकून एकाच इफमध्ये बसतात. जोडीला लेट-एल्स आहे, ते २०२२ च्या १.६५ पासूनचं: हवी ती किंमत (व्हॅल्यू) मिळाली तर पुढे चला, नाहीतर इथूनच परत फिरा. या दोघांमुळे माझ्या पार्सरची (लॉगच्या ओळी उलगडणाऱ्या कोडची) फाइल वाचताना डोळा सरळ खाली उतरतो. अशा गोष्टींना कोणी मोठं फीचर म्हणत नाही, पण महिन्याभराने तोच कोड उघडल्यावर समजतो, ते यांच्यामुळे.

ज्या बदलाने माझा विश्वास खरा कमावला तो मात्र दिसायला याहून लहान आहे. आमच्याकडे २०२१ एडिशनमध्ये लिहिलेली एक छोटी सर्व्हिस होती. ती अधूनमधून गोठायची. क्रॅश नाही, एरर नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. रीस्टार्ट केलं की पुन्हा कित्येक तास व्यवस्थित. आतमध्ये एक सेटिंग आरडब्ल्यूलॉकमागे, म्हणजे एका वेळी अनेक वाचणारे किंवा एकच लिहिणारा आत सोडणाऱ्या कुलुपामागे, ठेवलं होतं. कोड म्हणायचा: इफ लेट, लॉक वाचण्यासाठी घेऊन आत किंमत आहे का बघ, असेल तर वापर, एल्स लॉक लिहिण्यासाठी घे आणि किंमत भर. वाचताना काहीच खटकत नाही. किंमत नाही म्हटल्यावर वाचायचं काम संपलं, म्हणजे वाचायचं लॉक सुटलं असणार, असंच कोणीही धरून चालेल.

२०२१ पर्यंत ते सुटत नव्हतं. इफ लेटच्या अटीत तयार झालेली तात्पुरती वस्तू, म्हणजे इथे लॉक धरून ठेवणारा गार्ड, एल्सचा शेवटचा कंस येईपर्यंत जिवंत राहायची. मग एल्समध्ये तोच थ्रेड (प्रोग्राममधला समांतर चालणारा धागा) लिहिण्यासाठी लॉक मागतो आणि स्वतःच्याच वाचायच्या लॉकची वाट बघत बसतो. कायमचा. सेटिंग सुरुवातीला भरलेलं असायचं आणि कित्येक तासांनी मुदत संपून रिकामं व्हायचं, म्हणून एल्सची वाट क्वचितच लागायची.

२०२४ एडिशनने हा नियम बदलला, आता अट जुळली नाही की एल्समध्ये शिरण्याआधीच गार्ड सुटतो. मी आनंदाने कार्गो फिक्स (जुना कोड नव्या एडिशनसाठी आपोआप बदलणारं टूल) चालवून सर्व्हिस नव्या एडिशनवर नेली. आणि ती पुन्हा गोठली. दोन दिवस मला वाटत होतं की माझं निदानच चुकलं. मग डिफ (टूलने केलेल्या बदलांची यादी) ओळीओळीने वाचला, तेव्हा कळलं: कार्गो फिक्सचं काम जुनं वागणं जसंच्या तसं टिकवण्याचं आहे, म्हणून त्याने माझ्या इफ लेटचा मॅच (शक्यता तपासायची दुसरी रचना) करून ठेवला होता. मॅचमध्ये तात्पुरती वस्तू आजही शेवटच्या कंसापर्यंत जगते. हाताने तो परत इफ लेट केला, त्यानंतर सर्व्हिस गोठलेली नाही. तुम्ही जुना प्रोजेक्ट नेणार असाल तर कार्गो फिक्सने घातलेला प्रत्येक मॅच डोळ्याखालून घाला. टूलचं काही चुकलेलं नाही, ते सावधच वागतं, पण जुना बगही तितक्याच निष्ठेने सांभाळतं.

यातून एक गैरसमजही दूर झाला. रस्टमध्ये कंपाइल झालं म्हणजे बरोबर, असं सर्रास बोललं जातं. सुरक्षित रस्ट डेटा रेस (लॉकशिवाय दोन थ्रेड्सनी एकाच डेटावर एकदम हात टाकणं) होऊ देत नाही, डेडलॉक (लॉकची वाट बघत कायमचं अडकणं) होऊ देते. हिशेब चुकवायलाही पूर्ण मुभा आहे. डीबग बिल्डमध्ये पूर्णांक ओव्हरफ्लो झाला की पॅनिक होतं, रिलीजमध्ये तो मुकाट्याने फिरून पहिल्या टोकाला येतो. टेस्ट लिहाव्याच लागतात.

पण जे मिळतं ते थोडकं नाही. म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) हे पाटीसारखं डेटाशेजारी टांगलेलं नसतं, डेटा त्याच्या पोटात असतो. लॉक घेतल्याशिवाय हातच पोहोचत नाही, त्यामुळे "लॉक घ्यायला विसरलो" ही चूक करताच येत नाही. एका थ्रेडपुरता असलेला आरसी (एका वस्तूचे अनेक मालक मोजणारा प्रकार) चुकून दुसऱ्या थ्रेडकडे द्यायला गेलो तर कंपाइलर थांबवतो आणि तिथे थ्रेड्समध्ये वाटता येणारा आर्क लागेल हे कळतं. २०२२ मध्ये १.६३ सोबत स्कोप्ड थ्रेड्स आले, तेव्हापासून थ्रेडला बाहेरची वस्तू थेट उसनी देता येते. माझ्या लॉगच्या टूलमध्ये फाइलचे तुकडे करून आठ थ्रेड्सना वाटायचा भाग चाळीसेक ओळींचा आहे, आणि तो लिहिताना पोटात गोळा आला नाही. सी मध्ये थ्रेड्स लिहिताना तो नेहमी यायचा.

असिंकबद्दल, म्हणजे वाट बघताना थ्रेड न अडवता दुसरं काम करणाऱ्या कोडबद्दल, मी तितका उत्साही नाही. प्रगती आहे: १.७५ पासून ट्रेटमध्ये (वेगवेगळ्या प्रकारांच्या समान वागणुकीच्या करारात) असिंक फंक्शन थेट लिहिता येतं, १.८५ पासून असिंक क्लोजर (बिननावाची छोटी फंक्शन्स) आहेत. पण ट्रेटमधली ती असिंक फंक्शन्स डिन (नेमका प्रकार प्रोग्राम चालताना ठरवायची सोय) सोबत थेट चालत नाहीत, तिथे पुन्हा बाहेरच्या क्रेटचा आधार. असिंक कामं चालवणारा रनटाइमही भाषेसोबत येत नाही, टोकिओसारखा निवडावा लागतो. पिनपाशी (वस्तूची मेमरीतली जागा पक्की करण्यापाशी) पोहोचलात की एररचे संदेश, जे एरवी रस्टमध्ये फार समंजस असतात, अचानक दुर्बोध होतात. हजारो कनेक्शन्स सांभाळायची नसतील तर साधे थ्रेड्स वापरा.

कंपाइलचा वेळ ही खरी तक्रार. पहिला पूर्ण बिल्ड अजूनही रेंगाळतो, टार्गेट फोल्डर काही गीगाबाइटपर्यंत सहज फुगतं. १.९० पासून ६४ बिट इंटेल-एएमडी लिनक्सवर एलएलडी हा लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारं टूल) आपोआप वापरला जातो, त्याने पुन्हा-पुन्हा बिल्ड करताना थोडं बरं वाटतं. मी दिवसभर कार्गो चेकवरच (पूर्ण बिल्ड न करता फक्त चुका तपासणाऱ्या कमांडवर) काम करतो आणि पूर्ण बिल्ड टेस्टच्या वेळी. क्लिपी (कोड सुधारायच्या सूचना देणारं टूल) पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, मला भाषेची लकब त्यानेच शिकवली.

तर शिकावी का? प्रोग्रामिंगची पहिलीच भाषा म्हणून मी कोणालाही सुचवणार नाही. मेमरीने कधी चटका दिलेला नसेल तर हे नियम कशासाठी आहेत तेच कळत नाही आणि नुसतं पाठांतर होतं. फॉर्म भरून डेटाबेसमध्ये टाकणारी वेब ॲप्स किंवा नोटबुकमधलं विश्लेषण हेच काम असेल तर पायथन, जावास्क्रिप्ट, गो यांत तुमचं चांगलं चाललंय, घाई नको. सी किंवा सी++ मध्ये पोट भरत असाल तर मात्र आजच सुरू करा. लिनक्स कर्नलने डिसेंबर २०२२ च्या ६.१ मध्ये रस्टला दार उघडलं, आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरी सुरक्षेशी संबंधित असतात. तुमचे नेहमीचे बग कुठल्या जातीचे आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे.

माझ्यासारख्या पायथनवाल्यांसाठी मधली वाट आहे आणि मला ती सर्वात जास्त पटते. सगळं सोडून यायची गरज नाही. पायओथ्री आणि मॅच्युरिन (रस्टचा कोड पायथनला जोडणारी साधनं) वापरून फक्त तो जड लूप रस्टमध्ये लिहा आणि पायथनमधून नेहमीसारखा इम्पोर्ट करा. रफ, यूव्ही, पोलार्स ही पायथनवाल्यांच्या रोज वापरातली साधनं आतून रस्टचीच आहेत. एक फंक्शन, शंभरेक ओळी, एवढ्यावर मालकीची ओळख होते आणि नाही जमलं तर पायथनची फाइल जागेवर असतेच. रस्टअप (रस्टचा इन्स्टॉलर) टाकलं की अधिकृत पुस्तकाची प्रतही मशीनवर उतरते. त्यातलं मालकीचं प्रकरण दोनदा वाचा, असिंकचं नंतर कधीतरी.

मी स्वतः आता जेनची, म्हणजे इटरेटर (एकामागून एक किमती देणारा कोड) सोप्या पद्धतीने लिहू देणाऱ्या फीचरची, वाट बघतोय. २०२४ एडिशनने हा शब्द राखून ठेवलाय, स्थिर आवृत्तीत फीचर अजून उतरलेलं नाही. पायथनमध्ये यील्डने चार ओळींत होणारा इटरेटर माझ्या टूलमध्ये अजून साठ ओळींचं स्ट्रक्ट आहे, स्थिती हाताने सांभाळणारं. त्या फाइलच्या डोक्यावर मी एक टूडू लिहून ठेवलाय.