लीजनच्या म्हाताऱ्या जवानांची वाइन: पुइलूबिए, दक्षिण फ्रान्स

लेकीकडे मार्सेला दोन महिने होतो. चर्च बघून बघून कंटाळलो तेव्हा जावईबापूंना म्हटलं, आता जरा आमच्या लाइनीतलं काहीतरी दाखवा. त्यांनी गाडी काढली आणि सेंत-व्हिक्तुआर डोंगराच्या पायथ्याला, पुइलूबिए गावी नेलं. तिथे फ्रेंच फॉरेन लीजनच्या जखमी आणि थकलेल्या जवानांचं घर आहे, त्यांच्याच द्राक्षबागा आहेत आणि त्या वाइनचं दुकान. मी सातारचा, मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढलेला. सीएसडी कँटीन सोडलं तर फौजींचं दुसरं दुकान मी जन्मात बघितलं नव्हतं.

लीजन म्हणजे फ्रेंच लष्करातली परदेशी जवानांची फौज, १८३१ सालची. साहेब लोक बहुतेक फ्रेंच, जवान मात्र शंभराहून जास्त देशांचे. पहिला करार पाच वर्षांचा. पूर्वी तर भरती होताना नवं नावच घ्यावं लागायचं. मागचं सगळं दाराबाहेर ठेवून आत यायचं. आपल्याकडेही गोरखा पलटणींत नेपाळचे जवान आहेत, पण ते पेन्शनीत निघाले की आपल्या घरी जातात. पोखऱ्याला, धरानला आपल्या सरकारची पेन्शनची कचेरी आहे. इथे नाव टाकून आलेला माणूस वीस वर्षांनी कुणाच्या ओसरीवर जाऊन बसणार? म्हणून हे घर. कुणी बागेत राबतो, कुणी पुस्तकं बांधतो, कुणी मातीची भांडी करतो. विक्रीचा पैसा या माणसांसाठीच वापरतात.

दुकान छोटंसं, पण मांडणी अशी की इन्स्पेक्शनला साहेब येणार आहेत. बाटल्यांची लेबलं एका रेषेत. शेल्फावर कप, त्यावर लीजनचं चिन्ह, सात ज्वाळांचा हातबॉम्ब. गल्ल्यावर सत्तरीचे एक आजोबा, मूळचे जर्मन. जावयांनी मध्ये दुभाषेपणा केला, पण फार गरज पडली नाही. मी बोटांनी चोवीस दाखवले, त्यांनी एकोणीस. मग माझ्या गुडघ्याकडे बोट करून हसले आणि स्वतःचा गुडघा थोपटला. इन्फंट्री सगळीकडे तिथेच मार खाते.

बागेला नाव कॅप्टन दांजूचं. त्याचा डावा हात लाकडी होता. ३० एप्रिल १८६३ ला मेक्सिकोत कामरोन इथे लीजनचे पासष्ट जण सुमारे दोन हजार मेक्सिकनांपुढे दिवसभर अडून राहिले, दांजू तिथेच कामी आला. तो लाकडी हात आज ओबान्यला, लीजनच्या मुख्यालयात जपून ठेवलाय. दर ३० एप्रिलला परेडमध्ये तो मिरवतात.

गावच्या स्मशानातही जाऊन या. लीजनच्या जागेत तीन थडगी शेजारी शेजारी आहेत: जनरल रोले, डेन्मार्कचा प्रिन्स ऑगे आणि झिमरमान नावाचा एक साधा जवान. १९६२ ला लीजनने अल्जीरियातलं जुनं मुख्यालय सोडलं, तेव्हा या तिघांचे अवशेष सोबत आणले. जनरल, राजपुत्र आणि शिपाई एका रांगेत. मी तिथे टोपी काढून बराच वेळ उभा होतो.

(परत येताना जावयांना डी बॉयनची गोष्ट सांगितली. आजच्या फ्रान्समधल्या शाँबेरीचा हा माणूस आपल्या महादजी शिंद्यांच्या चाकरीत आला, कवायती पलटणींचे कंपू उभे केले आणि गडगंज होऊन गावी परतला. तिथल्या चौकात आजही त्याच्या स्मारकाला चार हत्ती आहेत. त्यांना ठाऊक नव्हतं.)

आता वाइन. एक लाल, एक गुलाबी घेतली. किंमत विचारू नका, जावयांनी दिली आणि मला सांगितली नाही. गुलाबी थंडगार प्यायची, जेवणाआधी, लेकीने सांगितलं तशी. हलकी, छान आहे. लाल मला तुरट लागली. दोष माझ्या जिभेचा असेल, ती रमवर वाढलीय.

लाल बाटली बनियनमध्ये गुंडाळून गावी आणली. आमच्या माजी सैनिकांच्या कट्ट्यावर स्टीलच्या पेल्यांत ओतली. सगळ्यांनी माझी हकिकत ऐकून घेतली, शांतपणे प्यायले, आणि नाईक साहेब म्हणाले, "सुभेदार साहेब, माणसं चांगली आहेत. पण पुढच्या खेपेला त्यांना इथली रम नेऊन द्या."