वीस हजार चारशे रुपये आणि आईचा गुडघा

सोसायटीच्या हॉलमधलं ‘मोफत गुडघेदुखी शिबिर’ म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. मोफत फक्त तपासणी. नोंदणीचे ५००, अल्ट्रासाउंडच्या (म्हणजे ध्वनिलहरींनी आतून शेक देण्याच्या) बारा सिटिंगचे ५,४००, आणि ‘घरच्या घरी घ्या’ म्हणून गळ्यात मारलेलं मशीन १४,५००. एकूण २०,४००. मी बँकेत आहे, फसवणुकीपासून सावध राहा म्हणून लोकांना पत्रकं वाटते. हसा.

तिसऱ्या सिटिंगलाच कळायला हवं होतं. पांढऱ्या कोटातला पोरगा एका हातात मोबाइल धरून रील बघत होता, दुसऱ्या हातानं मशीनचं हेड आईच्या गुडघ्यावर एकाच जागी टेकवून बसला होता. जेल संपलेलं, म्हणून खोबरेलाचे चार थेंब. आई म्हणाली, “अगं, आत हाडाला चटका बसतोय.” तो म्हणाला, “मावशी, गरम लागतंय म्हणजे लागू पडतंय.” आणि मी आईलाच म्हटलं, “थोडं सहन कर ना.”

मला काय माहीत? त्याच्या मागे भिंतीवर सर्टिफिकेट होतं! नंतर खऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं: हेड सतत फिरतं हवं, थांबलं की उष्णता एका जागी साचते. लागलं तर कोमट लागावं. हाडाशी दुखलं की तिथल्या तिथे बंद करायला सांगा, लाजू नका. पेसमेकर, कॅन्सर, गरोदरपण, पायातली रक्ताची गुठळी यांची चौकशी न करता कुणी हेड लावायला आला तर उठून चालू लागा. आम्हाला काहीही विचारलं नव्हतं. शिवाय गुडघ्याला खरा आधार व्यायामाचा, असंही त्या म्हणाल्या. तो फुकट होता.

त्यांनी आपल्या मशीनच्या हेडवर पाण्याचा थेंब टाकला, तो थरथरला, म्हणजे लहरी निघत होत्या. आमच्या १४,५००च्या मशीनवर टाकला, तो नुसता बसून राहिला. निळा दिवा मात्र झकास लागतो.

पोलीस म्हणाले, ग्राहक आयोगात जा. तिथे विचारलं, पक्की पावती कुठाय? माझ्याकडे वहीतून फाडलेली चिठ्ठी. (पैसे देण्याआधी बिल आणि फिजिओथेरपिस्टचा नोंदणी क्रमांक मागा, बाबांनो.) फिजिओथेरपिस्टांची नोंदणी होते त्या कार्यालयात तीन फेऱ्या, दोन अर्धे दिवस रजा, आणि उत्तर काय? “तो आमच्याकडे नोंदलेलाच नाही, मग कारवाई कशी करणार?” अहो, तीच तर तक्रार आहे! साहेबांनी अर्जावर शिक्का मारला आणि झेरॉक्स आणायला पाठवलं.

आईच्या गुडघ्यावर रुपयाएवढा काळा डाग आहे. ती म्हणते, जाऊ दे गं.