एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय): पित्तनलिकेतला खडा शोधायला कितपत भरवशाची?

पित्ताशयातले खडे सोनोग्राफीत सहसा चटकन दिसतात. तोच खडा घरंगळून मुख्य पित्तनलिकेत गेला की पंचाईत होते, कारण नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसच्या आड जातं. रिपोर्टमध्ये मग एवढंच येतं: 'सीबीडी (मुख्य पित्तनलिका) फुगलेली, खालचा भाग नीट दिसला नाही.' पित्ताशय काढलेलं नसताना नलिका ६ मिमीपेक्षा रुंद आणि रक्तात डायरेक्ट बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडल्याच्या खुणा) वाढलेलं असेल, तर पुढची तपासणी एमआरसीपीच करावी. निव्वळ निदानासाठी थेट ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून क्ष-किरणांखाली नलिका बघणं आणि खडा काढणं) नको; तिने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

एमआरसीपीत दुर्बीण नाही, क्ष-किरण नाहीत, बहुधा इंजेक्शनही नाही. नलिकेतलं पित्त पांढरंशुभ्र उमटतं आणि त्यात खडा काळा दिसतो. चार ते सहा तास उपाशी राहायचं, कारण जठरातलं पाणीही तसंच पांढरं दिसतं आणि नलिका झाकते. काही ठिकाणी आधी अननसाचा रस देतात. त्यातलं मँगनीज हा पांढरेपणा दाबतं. मशीनमध्ये साधारण अर्धा तास जातो. श्वास रोखा म्हटलं की रोखायचाच, हललेल्या चित्रात बारीक खडा पुसला जातो. पेसमेकर असेल तर तारीख घेतानाच सांगा.

फिल्मवरचं नलिकेचं झाडासारखं चित्र देखणं असतं, पण त्यावर विसंबू नये. ते सगळे छेद (स्कॅनमधल्या एकेका पातळ कापाची चित्रं) एकत्र करून बनवलेलं असतं, त्यामुळे पांढऱ्या पित्तात छोटा खडा बुडून जातो. तो पातळ छेदांत शोधावा लागतो, म्हणून सगळ्या छेदांची सीडी मागून घ्याच. आधी ईआरसीपी झालेली असेल तर नलिकेत शिरलेल्या हवेचा बुडबुडाही काळाच दिसतो. आडव्या छेदात बुडबुडा वर तरंगतो, खडा तळाशी बसतो.

खरी उणीव ५ मिमीपेक्षा लहान खड्यांची, त्यातही नलिका आतड्यात उघडते त्या तोंडाशी रुतलेल्यांची. एमआरसीपी स्वच्छ, तरी कावीळ चढतेच आहे, अशा वेळी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (दुर्बिणीच्या टोकाने आतून केलेली सोनोग्राफी) सरस. उलट दुखणं थांबून एलएफटीचे (यकृताच्या रक्ततपासणीचे) वाढलेले आकडे उतरू लागले असतील, तर खडा आपोआप आतड्यात निघून गेलेला असू शकतो. जुन्या रिपोर्टवर ईआरसीपी करण्याआधी नलिका पुन्हा बघावी.

पोटदुखी, कावीळ आणि थंडी वाजून ताप, ही तिन्ही एकदम असतील तर स्कॅनच्या तारखेसाठी घरी थांबू नका. नलिकेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. लगेच अँटिबायोटिक सुरू करून नलिका मोकळी करावी लागते, आणि त्यासाठी ईआरसीपीची सोय असलेलं हॉस्पिटलच गाठा.