शालेय ग्रंथालयात ‘कोहा’: दहा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात ‘कोहा’ ही पुस्तकांच्या नोंदी, शोध आणि देवघेव सांभाळणारी संगणकप्रणाली सुरू होऊन दहा महिने झाले. देवघेवीच्या टेबलावर रोज तिच्याशी काम पडणाऱ्या ग्रंथपालाचा हा अनुभव आहे. संगणकीकरणाच्या विचारात असलेल्या शाळांना तो उपयोगी पडावा, म्हणून तपशिलाने लिहीत आहे.

निवडीचे पहिले कारण म्हणजे ही प्रणाली मुक्त स्रोत आहे, म्हणजे तिचा कोड सर्वांना खुला आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठी ती १९९९ मध्ये तयार झाली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. परवान्याचे शुल्क नसले तरी सर्व्हर, बारकोडची लेबले, स्कॅनर आणि रोजचा बॅकअप यांचा खर्च आहेच, आणि त्याहून मोठा खर्च माणसांच्या वेळेचा आहे. दाखल नोंदवहीतील (आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात नोंदतात, त्या वहीतील) आठ हजारांच्या आसपास पुस्तके प्रणालीत आणण्यात पहिले चार महिने गेले. नव्या पुस्तकांचे काम सोपे होते, कारण आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) टाकला की झेड ३९.५० या, ग्रंथालयांना एकमेकांच्या नोंदी शोधू देणाऱ्या प्रोटोकॉलद्वारे एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या तालिकेतील, म्हणजे ग्रंथसूचीतील, तयार नोंद बहुधा उतरवून घेता येते. जुन्या मराठी पुस्तकांवर मात्र आयएसबीएनच नाही. त्यामुळे ती एकेक हातात घेऊन, मुखपृष्ठ आणि शीर्षकपृष्ठ ताडून पाहत स्वतःच नोंदवावी लागली.

देवनागरीतील शोधाने आम्हाला सर्वांत जास्त छळले. शीर्षकात ‘ताऱ्यांचे’ हा शब्द असलेले पुस्तक समोरच्या कपाटात दिसत होते, पण शोधात काही केल्या येत नव्हते. बारकाईने पाहिल्यावर कळले की, नोंदी करणाऱ्या आम्हा दोघींपैकी एकीने हा शब्द ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून टंकित केला होता, तर दुसरीने साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह घातले होते. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. यात दोष प्रणालीचा नव्हता, आमच्या तयारीचा होता. कामाला हात घालण्यापूर्वी सर्वांनी एकच कळफलक आणि एकच लेखनपद्धत ठरवून घ्यावी, आणि शोधासाठी ‘झेब्रा’ हे कोहासोबत चालणारे शोधयंत्र वापरणार असाल तर देवनागरीकरिता आयसीयू ही, युनिकोड अक्षरे नीट हाताळणारी शोधसूची-पद्धत पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. आम्हाला हे उशिरा कळले आणि शेकडो नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या.

मुलांसाठी ठेवलेल्या शोध-संगणकाशेजारी आम्ही एक साधी वही ठेवली आहे. जे शोधले पण सापडले नाही, ते तिच्यात लिहायचे. सहावीतील एका मुलाने ‘किडे’ असे टाकून पाहिले आणि काहीच न आल्यामुळे विचारले, “बाई, आपल्याकडे किड्यांवर एकही पुस्तक नाही?” कपाटात सात होती; विषयाच्या रकान्यात आम्ही ‘कीटकशास्त्र’ असे लिहून ठेवले होते. त्या दिवसापासून दर शनिवारी ती वही उघडायची आणि मुलांचे शब्द त्या-त्या नोंदीत भरायचे, असा नेम ठेवला आहे. ‘कीटकशास्त्र’ कायम राहिले, त्याच्या जोडीला ‘किडे’, ‘मुंग्या’, ‘फुलपाखरे’ आले. माझ्या मते दहा महिन्यांतले सर्वांत मोलाचे काम हेच आहे. पूर्वी मुले माझ्याकडे येऊन विचारत आणि मी आठवणीतून पुस्तक काढून देत असे. पण जे मूल विचारायला बुजते, ते तसेच परत जाई. आता तेही शोधते, फक्त तालिकेला त्याची भाषा कळली पाहिजे.

वाचकाच्या खासगीपणाबाबत प्रत्येक शाळेने आधीच निर्णय घ्यावा. कोणी कोणते पुस्तक नेले, याचा इतिहास प्रणाली साठवू शकते आणि परतीनंतर तो पुसण्याची सोयही देते. आम्ही पुसण्याचा पर्याय निवडला. कोणता विद्यार्थी काय वाचतो याची यादी माझ्याकडे एकदा मागितली गेली होती. मी ती दिली नाही. घरातल्या आजारपणाविषयी किंवा स्वतःच्या वाढत्या वयाविषयी मूल गुपचूप पुस्तक नेते, तेव्हा त्याने आपल्यावर केवढा विश्वास टाकलेला असतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पूर्वी पुस्तके शोधण्यासाठी वापरायच्या तालिका-पत्रांची (कार्डांची) कपाटे हलल्यामुळे खोलीच्या मधोमध जागा मोकळी झाली. तिथे जोडता आणि वेगळी करता येणारी टेबले ठेवली. विज्ञानाचे दोन शिक्षक आता प्रकल्पाचे तास तिथेच घेतात, आणि मुले आधी तालिकेत, मग कपाटात आणि शेवटी टॅब्लेटवर शोधतात.

ई-पुस्तकांबद्दल मात्र मी समाधानी नाही. ज्या पुरवठादाराकडून आम्ही ती घेतली, त्याच्या परवान्यानुसार एक प्रत एका वेळी एकालाच उघडता येते. त्यामुळे वर्गाला एकत्र वाचन देता येत नाही. मुदत संपलेल्या पुस्तकांचे दुवेही आमच्या तालिकेत तसेच निर्जीव पडून राहिले होते. शिवाय २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात माहितीपर मजकुराचे आकलन कागदावर अधिक चांगले होते, असे दिसले. केवळ कथात्मक मजकुरात तसा फरक आढळला नाही. त्यामुळे संदर्भपुस्तके छापीलच घ्यायची, असे आम्ही ठरवले आहे.

सध्या वार्षिक ग्रंथ पडताळणी चालू आहे. पूर्वी एकीने दाखल क्रमांक मोठ्याने वाचायचा आणि दुसरीने नोंदवहीत खूण करायची, असे आठवडेच्या आठवडे चालायचे. आता कपाटासमोर उभे राहून स्कॅनर फिरवला की चुकलेली जागा लगेच कळते. पहिल्या तीन कपाटांतच ‘हरवले’ असा शेरा असलेली अकरा पुस्तके सापडली. त्यांतली दोन किड्यांवरची आहेत.