ऐंशी माणसे आणि दीडशे जणांचे जेवण

एरिश मारिया रेमार्क यांच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या पहिल्या महायुद्धावरील, १९२९ साली पुस्तकरूपाने आलेल्या जर्मन कादंबरीविषयी इतके ऐकले होते, की पहिल्याच पानावर तोफा धडाडतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिले प्रकरण सुरू होते ते भरल्या पोटाच्या समाधानाने. आघाडीवरून मागे विश्रांतीला आलेल्या सैनिकांनी मांस आणि घेवड्यावर ताव मारला आहे, पाव आणि सॉसेजही दुप्पट मिळाले आहेत, आणि एकोणीस वर्षांचा पॉल बॉयमर हे सारे अशा खुशीत सांगतो की वाचणाराही नकळत त्या पंगतीत जाऊन बसतो. या चंगळीचे कारण मग सहज सांगावे तसे कळते: शिधा १५० जणांसाठी आला होता आणि शेवटच्या दिवशी इंग्रजांच्या तोफखान्याने केलेल्या माऱ्यातून परतले ८०.

मेलेल्यांसाठी इथे कोणी हळहळत नाही. त्यांचा विषय निघतो तो जेवणाच्या हिशोबात, कारण दीडशेंचे अन्न ऐंशींना वाढायला आचारी तयार नाही आणि कंपनीचा अधिकारी येऊन हुकूम देईपर्यंत हुज्जत चालूच राहते. त्या हुज्जतीत मी सैनिकांच्या बाजूने होतो, हे कबूल केले पाहिजे.

वर्गातील मुलांना भाषणे ऐकवून सैन्यभरतीला नेणारा शिक्षक कांटोरेक पुढे येतो. जायला कचरणारा बेम हाच सर्वांत आधी मरणाऱ्यांपैकी एक ठरतो आणि त्याच्या मृत्यूचे मोजके वर्णन अंगावर येते. मात्र त्यानंतर वडीलधाऱ्यांनी केलेल्या विश्वासघाताबद्दल निवेदक जे भाष्य करतो, ते मला जास्तीचे वाटले. बेमची हकिकत त्याविनाही पुरेशी बोलकी होती.

प्रकरणाचा खरा कस लागतो तो रुग्णालयात. बॉयमरचा जखमी वर्गमित्र केमेरिख याचा पाय कापला आहे आणि ते त्याला अजून ठाऊक नाही. त्याला भेटायला आलेल्या म्युलर या दुसऱ्या वर्गमित्राची नजर मात्र त्याच्या खाटेखालच्या, इंग्रज वैमानिकाच्या मऊ पिवळ्या चामड्याच्या बुटांवर खिळली आहे. ते तो मागतोही, आणि बॉयमर हळूच म्युलरच्या पायावर पाय देतो. म्युलर दुष्ट नाही. त्याचे स्वतःचे बूट ओबडधोबड आहेत आणि केमेरिख मेला की हे बूट रुग्णालयातील नोकर पळवणार, हे सर्वांनाच माहीत आहे. मित्राबद्दलची माया आणि बुटांचा हिशोब एकाच मनात राहू शकतात, हे लेखक कोणालाही दोष न देता दाखवतो.

दुसरे प्रकरण मी लगेच वाचायला घेतले. त्या बुटांचे पुढे काय झाले याची उत्सुकता मला केमेरिखच्या प्रकृतीपेक्षा अधिक होती, हे काही पाने उलटल्यावर ध्यानात आले.